शिंप्याची वही

दुबईत खाडीच्या अलीकडे, बर दुबई भागात, मीना बाजार या नावाने ओळखली जाणारी कापडाची पेठ आहे. तेथील एका वृद्ध शिंप्यापाशी जाड पुठ्ठ्याची एक वही असून तीत त्याने नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकास एकेक पान दिलेले आहे. पानावर छाती, खांदा, कंबर, मांडी अशी मापे आणि मापांपुढे साल. या वहीतील एक पान मॉरिशसहून आलेल्या एका मराठी गृहस्थांचे आहे. २००५ साली त्यांनी तेथे पहिली विजार शिवून घेतली तेव्हा कंबरेपुढे ३१ इंच लिहिले गेले. पुढे ३२ झाले, मग साडेतेहतीस. आणि २०२३ च्या दिवाळीपूर्वी घेतलेले माप ३६. खांदा मात्र अठरा वर्षांत होता तेवढाच राहिला आणि मांडी उलट पाऊण इंचाने उतरली. टेप गुंडाळता गुंडाळता शिंपी म्हणाला, "साहेब, आपण जाड झाला नाहीत. पोट तेवढे दुसऱ्या कोणाचे तरी आणून लावल्यासारखे दिसते."

गृहस्थ हसले. हसावयास त्यांना कारणही होते. त्यांची उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो. किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो त्यावरून स्थूलपणा ठरविण्याची रीत जगभर आहे. त्यांचा आकडा २२.७ येत असे आणि तो निर्दोष समजला जाई. कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत लागोपाठ तीन वर्षे त्यांच्या कागदावर "वजन उत्तम" असा शेरा पडला होता. कंबरेस टेप लावण्याची तसदी तेथे कोणी घेतली नव्हती.

सडपातळपणा हा त्यांच्या घराण्यात अभिमानाचा विषय होता. पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई बंदरावर आले आणि पाच वर्षांचा करार करून मॉरिशसच्या ऊसमळ्यात उतरले. आजी सांगे, आपल्या घराण्याची हाडेच बारीक. आपल्याकडे जाड मनुष्य झाला नाही, व्हावयाचा नाही. गृहस्थांचे वडीलही काडीसारखे होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी, मधुमेहाने एक पाय गुडघ्याखाली कापावा लागल्यानंतर दीड वर्षाने, ते गेले. गावात त्या वेळी जो तो म्हणे, अंगावर मांस नाही त्या माणसास कसली साखरेची व्याधी? हे काही निराळेच असणार. कोणी नजर लागली म्हणाले, कोणी दैवावर टाकले. मुलाच्या मनात एवढेच राहिले की वडिलांना जे झाले ते अपवाद होता. तो रोग खात्यापित्या, ढेरपोट्या लोकांचा.

२०२४ च्या आरंभी रात्री दोन-तीनदा उठावे लागू लागले म्हणून त्यांच्या पत्नीने त्यांना जवळजवळ ओढूनच एका डॉक्टरबाईंकडे नेले. बाईंचे शिक्षण पुण्यात झालेले. पत्नी मूळच्या चिपळूणच्या. अंगाने भरलेल्या, ७४ किलो वजनाच्या, आणि नवऱ्याच्या बारीकपणाचे दाखले ऐकून ऐकून कंटाळलेल्या. बाईंनी दोघांचेही रक्त घ्यावयास सांगितले. निकाल आला तेव्हा गृहस्थांची तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ७.४ टक्के होती, म्हणजे मधुमेहाच्या रेषेपलीकडे. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. पत्नीची साखर, रक्तातील चरबी आणि यकृत, सारेच व्यवस्थित होते. त्यांचे गुडघे तेवढे दुखत.

"हे उलटे लिहिले गेले नाही ना?" गृहस्थांनी विचारले.

उलटे काही नव्हते. चरबी ही एकच वस्तू आहे, ती कमी अथवा जास्त असते एवढेच, ही जी समजूत सर्वसाधारणपणे आढळते तीच मुळात अपुरी आहे. शरीरात ती निरनिराळ्या ठिकाणी राहते आणि ठिकाण बदलले की तिचे वागणेही बदलते. १९४७ साली फ्रान्समधील मार्सेय शहरचे डॉ. झां व्हाग यांनी प्रथम हे ठासून मांडले की स्थूल माणसांत ज्यांची चरबी शरीराच्या वरच्या भागात व पोटाकडे साठते त्यांना मधुमेह अधिक होतो. नितंब व मांड्या यांवर साठते त्यांना तितका होत नाही. त्यांच्या म्हणण्याकडे पुष्कळ वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे क्ष-किरणांच्या साह्याने पोटाचा आडवा छेद पाहण्याची युक्ती निघाली, आणि जपानात ओसाका येथे युजी मात्सुझावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात त्वचेखालची चरबी व आतड्यांभोवतीची चरबी वेगवेगळी मोजून दाखविली. प्रचंड देहाचे सुमो मल्ल तालमीत असेतोवर त्यांची बहुतेक चरबी त्वचेखालीच असते, आत थोडीच, असे त्यांना आढळले. गृहस्थांच्या कार्यालयात कोल्हापूरकडचे एक माजी पैलवान होते. शंभरीच्या पुढचे वजन आणि रक्त अगदी स्वच्छ. त्यांचे कोडे गृहस्थांना त्या दिवशी प्रथम उलगडले. अर्थात पैलवानाने तालीम सोडली आणि खुराक तोच ठेवला की हे स्वास्थ्य फार दिवस टिकत नाही, हेही बाईंनी सांगून टाकले.

बाईंनी पुढची गोष्ट कोकणी घराच्या भाषेत सांगितली. समोर बसलेल्या चिपळूणकरणीस ती अधिक लवकर कळली. भात घरात आला की तो कणगीत भरावयाचा. त्वचेखालची चरबी, विशेषतः कमरेखालची, ही शरीराची कणगी होय. गरजेपेक्षा अधिक अन्न आले की ते तेथे चरबीच्या रूपाने सुरक्षित पडून राहते. कणगी मोठी असली तर घर गबाळे दिसेल, चालताना गुडघे कुरकुरतील, परंतु चुलीचे काम अडत नाही. कणगी लहान असली म्हणजे पोती पडवीत येतात, पडवी भरली की माजघरात, आणि शेवटी चुलीपाशी. मग ठिणगी पडावयास किती वेळ? शरीराचे माजघर म्हणजे आतड्यांभोवतीचा पडदा आणि चूल म्हणजे यकृत. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारे स्निग्ध पदार्थ आतड्यांचे रक्त नेणाऱ्या शिरेवाटे थेट यकृतात जातात. यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात चरबी शिरली की इन्शुलिनची आज्ञा ऐकेनाशी होते, आणि काही काळाने ती आज्ञा देणारे स्वादुपिंडच थकते. शिवाय फुगून तट्ट झालेल्या मेदपेशींभोवती दाह सुरू होतो, तो वेगळाच.

चरबी हा शत्रूच असता तर ज्यांच्या अंगी जन्मतः चरबीच नसते ते सर्वांत निरोगी असावयास हवे होते. असे लोक जगात थोडे आहेत, आणि त्यांना फार तीव्र मधुमेह होतो, यकृत चरबीने भरून जाते. कारण त्यांना कणगीच नाही. उलट बाजूचाही पुरावा आहे. २००४ साली अमेरिकेत सेंट लुइस येथे १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालची सुमारे १० किलो चरबी शस्त्रक्रियेने ओढून काढण्यात आली. कपडे सैल झाले; इन्शुलिनचे काम मात्र तिळमात्र सुधारले नाही. दुबईत अशा शस्त्रक्रियांच्या जाहिराती ज्या थाटाने झळकतात तो पाहता, रोग टाळण्यासाठी त्या करून घेऊ पाहणाऱ्यांनी ही गोष्ट जाणून घेतलेली बरी.

मेदपेशी स्वतः केवळ पिशव्या नव्हेत. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिन नावाचे द्रव्य शोधले. मेदपेशीच ते रक्तात सोडून मेंदूस साठ्याचा हिशेब कळवितात. या पेशींची संख्या तारुण्याच्या आरंभापर्यंत ठरून जाते, मग दर वर्षी दहांपैकी सुमारे एक मरते आणि तिच्या जागी नवी येते. हे स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००८ मध्ये सिद्ध केले तेही मोठ्या नवलाच्या मार्गाने: अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे एके काळी हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन माणसांच्या मेदपेशींत कितपत उतरला आहे हे मोजून. तेव्हा प्रौढपणी वजन वाढते ते मुख्यतः जुन्या पेशी फुगून. ज्याच्या वाट्यास पेशी थोड्या आल्या त्याची कणगी लवकर उतू जाते.

सुश्रुतसंहितेत मेदाचे मुख्य स्थान उदर सांगितले असून मांसातील स्नेहास वसा हे निराळे नाव दिले आहे, याची आठवण या संदर्भात होते. म्हणून सारे शोध प्राचीनांनीच लावून ठेवले होते असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. चरबीचे ठिकाणागणिक नाव वेगळे असावे एवढे त्यांनी पाहिले होते. तेवढेही तपासणीच्या त्या कागदावर पाहिले गेले नव्हते.

गृहस्थांच्या प्रश्नाचे खरे उत्तर पुण्यात सापडते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघेही दिसावयास सडपातळ. दोघांचाही वजन-उंचीचा आकडा तंतोतंत २२.३. परंतु शरीरातील चरबी क्ष-किरणांनी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगी ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगी २१.२ टक्के निघाली. वजनाच्या काट्याने दोघांस एकच म्हटले होते. स्वतःच्या देहाचा असा दाखला जगापुढे ठेवणारा वैद्य विरळा.

त्याआधी १९९३ पासून याज्ञिक व त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी करीत होते. शेतात राबणाऱ्या, अंगाने लहान अशा त्या स्त्रिया. त्यांची मुले जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची मुले ३.५ किलोंची. पुण्याकडील मुलांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते. पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत येणारी चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत होती. २००३ साली हे प्रसिद्ध झाले. कृश, तरीही स्निग्ध, असे हे अर्भक. पुढे २००९ साली पुण्यात व लंडनमध्ये जन्मलेल्या नवजात मुलांची चुंबकीय यंत्राने चित्रे घेण्यात आली, तेव्हा पुण्याच्या मुलांच्या पोटाच्या भागात चरबी अधिक आणि हातापायांकडे कमी दिसली. म्हणजे शिंप्याने अठरा वर्षांत टिपलेली गोष्ट पाळण्यातच सुरू झालेली होती.

असे का व्हावे यावर विद्वानांचे एकमत नाही. १९६२ साली जेम्स नील यांनी, दुष्काळात तगण्यासाठी काटकसरी वंशगुण टिकून राहिले असावेत, असा तर्क मांडला. इतरांच्या मते दोष वंशात नसून आईच्या पोटातील उपासमारीत आहे: अन्न तुटपुंजे मिळाले की गर्भ मेंदू राखतो, चरबी राखतो आणि स्नायूंवर काटकसर करतो. पुण्यातील संशोधन या दुसऱ्या मताकडे झुकते. गृहस्थांना हे वाचताना पणजी आठवली. तिला त्यांनी पाहिले नव्हते. परंतु मळ्यावर मिळणारा तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तेल व सुकी मासळी यांचा शिधा ती कसा पुरवी, आणि बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत उसाच्या मोळ्या कशा वाही, हे आजी अभिमानाने सांगे. जी गोष्ट अभिमानाने सांगितली जात होती तिची किंमत वडिलांच्या पायाने दिली असेल काय, हा विचार त्यांनी पत्नीस बोलून दाखविला. तिने उत्तर दिले नाही. असा सरळ हिशेब एका घराण्यापुरता मांडताही येत नाही.

परंतु बेटाचा हिशेब सर्वांसमोर आहे. मॉरिशसमध्ये १९८७ साली सरकारने रोगांची मोठी पाहणी केली आणि मधुमेहाचे प्रमाण पाहून सारेच चकित झाले. त्याच वर्षी शिधावाटपाच्या तेलातील पामतेल काढून त्या जागी सोयाबीनचे तेल देण्यात आले, आणि १९९२ पर्यंत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी ५.५ वरून ४.७ मिलिमोलवर आली. एका सरकारी निर्णयाने साधलेले हे काम कौतुकास्पदच आहे. पोटे मात्र तेल बदलल्याने उतरली नाहीत. स्थूलपणा त्याच काळात वाढला. त्या बेटावर प्रौढांत पाचांपैकी सुमारे एकास मधुमेह आहे.

आखातातील जीवन या शरीरास अधिकच प्रतिकूल. उन्हाळ्याचे चार महिने रस्त्यावर चालणे अशक्य; घरातून मोटार, मोटारीतून उद्वाहक, उद्वाहकातून खुर्ची. कामावर दिवसातून पाच पेले करक चहा, घट्ट दूध आणि भरपूर साखर घालून उकळलेला. रात्री दहानंतर जेवण. अमिरातींच्या सरकारास याची जाणीव आहे. १ ऑक्टोबर २०१७ पासून तेथे वायुयुक्त गोड पेयांवर ५० टक्के आणि उत्तेजक पेयांवर १०० टक्के कर बसला, डिसेंबर २०१९ मध्ये इतर गोड पेयेही त्यात आली. २०१७ पासूनच दुबईत दर वर्षी तीस दिवस रोज तीस मिनिटे व्यायामाचा उत्सव भरतो. करक मात्र कराच्या जाळ्यातून सुटला आहे. तो टपरीवरच्या पातेल्यात होतो.

आणि हे केवळ कचेरीतल्यांचे दुखणे नव्हे. दुबईच्या मुहैस्ना भागात मजुरांची मोठी वसाहत आहे, तिला सोनापूर म्हणतात. सोन्याचे नगर, अशा आशेने कोणी ते नाव दिले असेल. मुंबईकर मराठी माणसाच्या कानास सोनापूर म्हटले की स्मशान आठवते. तेथून पहाटे बसगाड्या भरून निघणारे लोक दिवसभर राबतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास बंदी आहे, तेवढीच विश्रांती. राबणाऱ्यास असे रोग होत नाहीत असे वाटावे. परंतु अल-ऐन येथील संशोधकांनी भारत, पाकिस्तान व बांगलादेशातून आलेल्या पुरुषांची पाहणी करून २०१५ साली दाखविले की आखातातील वास्तव्य जसजसे लांबते तसतसा स्थूलपणाही वाढतो. मॉरिशसच्या गृहस्थांना शुक्रवारी रस्त्यावर हे लोक दिसत: हात काटक, गाल बसलेले, आणि सदऱ्याच्या शेवटच्या दोन गुंड्या ताणलेल्या. आता त्यांची नजर चेहऱ्याकडे जाण्याआधी त्या गुंड्यांकडे जाऊ लागली.

चरबीचा आणखी एक प्रकार आहे, तपकिरी. ती साठवीत नाही, जाळते. अर्भकास ऊब तिच्यामुळे मिळते. प्रौढांत ती नसतेच असे पूर्वी मानीत. २००९ साली तीन निरनिराळ्या संशोधकगटांनी ती मानेपाशी व गळ्याच्या हाडाजवळ असल्याचे दाखविले. थंडीने ती जागी होते. २०१४ साली अमेरिकेत पाच तरुणांना महिनाभर १९ अंशांच्या खोलीत झोपविले तेव्हा ती वाढलीही. हे वाचून गृहस्थांनी त्या रात्री शयनगृहातील वातानुकूलन यंत्र १९ वर आणले. दोन तासांनी पत्नी गोधडी ओढून घेत म्हणाली, "अहो, पाच जणांच्या प्रयोगासाठी मला कशाला गारठवता? त्यापेक्षा उद्या पहाटे माझ्याबरोबर खाडीवर चला." यंत्र २४ वर गेले.

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच गेले. बाईंनी सांगितले होते त्यात नवल वाटावे असे काही नव्हते: रोज पाऊण तास झपाझप चालणे, आठवड्यातून तीनदा स्नायूंस वजनाचा व्यायाम, भात निम्मा आणि डाळ, मासळी दुप्पट, करक बिनसाखरेचा, जेवण आठाच्या आत, आणि एक गोळी. मांडीचा गेलेला पाऊण इंच परत मिळविणे हे पोट उतरविण्याइतकेच महत्त्वाचे, असे त्या बजावीत. रक्तातील साखर जाळणारी मोठी भट्टी म्हणजे मांडीचे स्नायू. एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. आतली चरबी जशी लवकर उपद्रव देते तशी ती श्रमाने लवकर वितळतेही. त्वचेखालची हट्टी असते. पत्नीचे वजन सहा महिन्यांत दीडच किलो उतरले व त्या नाराज झाल्या. बाईंनी त्यांना सांगितले की तुमच्या मांड्यांशी भांडण नाही, गुडघ्यांपुरते उतरवा. कणगी आहे म्हणून घरात आग लागणारच नाही, अशी हमी मात्र त्यांनी दिली नाही. स्त्रियांची चरबीही उतारवयात पोटाकडे सरकते.

२०२५ च्या दिवाळीआधी गृहस्थ पुन्हा मीना बाजारात गेले. वजन ६२ किलो होते, म्हणजे काट्याच्या दृष्टीने फारसे काही घडलेच नव्हते. साखर ६.१. शिंप्याने टेप लावली, चष्मा वर केला, पुन्हा लावली आणि वहीत लिहिले: कंबर ३३, मांडी अर्धा इंच अधिक. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या, आत असावी हे गृहस्थ आता कोणासही तोंडपाठ सांगत. त्यांनी शिंप्याकडून एक टेप विकत मागितली. त्याने पैसे घेतले नाहीत.

ती टेप डिसेंबरात मॉरिशसला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर धाकट्या भावाकडे गेली. भाऊ शेतकी खात्यात नोकरीस, वय एक्केचाळीस, दिसावयास बारीक. वडिलांवरच गेला आहे असे सारे म्हणत. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, सदरा वर करून माप घे आणि मला फोन कर, असा निरोप होता. आठवडाभर फोन आला नाही. रविवारी आला. इकडचे तिकडचे बोलणे झाले, आईची तब्येत झाली, पाऊस झाला. मग भाऊ थोडा थांबला.

"दादा," तो म्हणाला, "तुझी टेप बरोबर आहे ना? साडेसदतीस दाखवते."